ओळ क्रमांक चौदा

मंगळवार, ३ मार्च. सकाळी १० वाजून २० मिनिटे.
वेळ नक्की लिहून ठेवते, पुढे कोणी नाही म्हणायला नको. याच वेळी मी फ्रिजवर चिकटवलेला कागद वाचला. घराच्या दुरुस्तीचं वेळापत्रक, चिरंजीवांनी ऑफिसातल्या सॉफ्टवेअरवर केलेलं. सत्तावीस कामं. तेरावं: 'फ्रिज हलवणे.' चौदावं: 'आईला मावशीकडे हलवणे.' फ्रिज परत आणणे सव्विसावं आहे. आईला परत आणणे कुठेच नाही. चष्मा पुसून तीनदा शोधलं.

बुधवार, ४
चिरंजीव म्हणतात, "ते गृहीतच असतं गं आई."
गृहीत! बावीस वर्षं शाळेचं वेळापत्रक मी लावलं. गृहीत धरलेला तास कोणी घेत नाही. कॉन्व्हेंटातल्या सिस्टर म्हणायच्या, लिहिलं नाही ते झालं नाही. बहिणीकडे जायला माझी ना नाही. पण शेजारच्या काकूही 'रंग सुकेपर्यंत' म्हणून मुलीकडे गेल्या, त्याला तीन वर्षं झाली. लेखी उत्तर मागितलं. चिरंजीव हसले.

गुरुवार, ५
सुनेला म्हटलं, मला ते सॉफ्टवेअर शिकव. अर्ध्या तासात आलं. दोन कामांमध्ये बाण ओढायचा, की पहिलं संपल्याशिवाय दुसरं सुरू होत नाही.
"यात नवीन काय? आंघोळीआधी पाणी तापवतातच."
"आई, काहींना बाण काढूनच दाखवावं लागतं."
गुणाची आहे. मग बाण धरून धरून गेले. रंग अडलाय कपाटांवर, कपाटं नळांवर, नळ फरशीवर. आणि फरशी चौदाव्या ओळीवर. म्हणजे मी हलले नाही तर काहीच हलत नाही! दिवसभर गुणगुणत होते.

शुक्रवार, ६
सून फोनवर होती. मी एक ओळ घातली: 'आई कधी परत येणार, याचं लेखी उत्तर.' मुदत सहा आठवडे. चिरंजीवांचा स्वभाव ठाऊक आहे. तिथून चौदावर बाण. पडद्यावरच्या कामांच्या सगळ्या निळ्या पट्ट्या एका दमात उजवीकडे पळाल्या. एप्रिलचं घर जूनमध्ये! बाण पुसला, परत ओढला. सात वेळा. बसल्या जागी टाळ्या वाजवल्या, या वयात.
चार वाजता गवंड्याचा फोन. "आजी, काम पुढे गेल्याचा मेसेज आलाय. काय झालं?"
"मला लेखी उत्तर यायचंय."
"मग घ्या की लवकर. मी दुसरं काम सोडून बसलोय."
"हे माझ्या मुलाला सांगा," म्हटलं. सांगितलं असणार. चिरंजीव बूट न काढताच आत आले. जेवताना सून ताटात बघून हसत होती.

शनिवार, ७
फ्रिजवरचा कागद गायब.

रविवार, ८. सकाळी ९.
नवा कागद. 'आईला परत आणणे' आहे, फ्रिजच्या आधी. पण पहिलीच ओळ नवी: 'आईला विचारणे.' सगळे बाण तिथूनच निघतात. खाली चिरंजीवांचं अक्षर, मीच घोटून घेतलेलं: 'आई, खिडकी कुठे हवी? तुझ्या खोलीला रंग कोणता? मावशीकडे जायचंय, की इथेच एका खोलीत राहायचंय? तोवर घर थांबलंय. उत्तर लेखी हवं. बुधवार, संध्याकाळी सहाच्या आत.'