खरवडलेले नाव

प्रिय तिबुर्झिओ, रोमहून दादाचे आशीर्वाद.

शाळेत आपण कविता म्हणायचो, तेव्हा पाद्री गुरुजी बाकावर छडीने ताल धरायचे. आज सकाळपासून तीच टकटक कानात आहे.

माझे बरे चालले आहे. खोकला कमी आहे, जेवण थोडेफार जाते. तुझ्या जिनेव्राचे गुडघे आता कसे आहेत?

तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले माझे चित्र पूर्ण झाले. चित्रकला म्हणून एक बाई दाखवली आहे. हातात कुंचला आणि तोंडाला पट्टी, कारण चित्र बोलत नाही. खालच्या चार ओळींची कविताही माझीच. बाईच्या पायाशी माझे नाव होते. छापखान्याच्या मालकाने ते खरवडून स्वतःच्या जावयाचे घालायला सांगितले. म्हणाला, "आजोबा, या वयात नाव घेऊन काय चाटायचंय?" मीही पट्टी बांधल्यासारखा गप्प बसलो.

आत्ता दार वाजले. तोच जावई पत्रा घेऊन आला आहे.

"काका, नाव खरवडताना बाईचं पाऊलच गेलं हो! तेवढं पुन्हा कोरून द्या ना. तुमच्याशिवाय कुणाला जमणार?"

त्याला दारातच उभा ठेवला आहे. आधी सही करतो, पुऱ्या नावाची.

तुझा दादा,
एर्कोले बाल्दासारी