दोन बोटे मोठे खोगीर

२ फेब्रुवारी, रविवार. सायंकाळ.
साडूने घोडा घेतला.

हे वाक्य लिहून दहा मिनिटे झाली. पुढचे सुचत नाही.

त्याच दिवशी, चहानंतर.
साडू व्यवसायाने दंतवैद्य. आयुष्यभर इतरांच्या तोंडात डोकावणाऱ्या मनुष्यास अश्वारोहणाची प्रेरणा कोठून व्हावी? घोडा तांबडा, उंच आणि अकारण चकचकीत आहे. आम्ही उभयता तो पाहण्यास गेलो होतो. साडूने अंगणाला एक फेरी मारली. ही, म्हणजे अस्मादिकांची धर्मपत्नी, कठड्याला रेलून उद्गारली, अगं बाई, भाऊजी काय ऐटदार दिसतायत! मेहुणी म्हणाली, दिसणारच की ताई, सकाळपासून चारदा आरशात बघून झालंय. दोघी बहिणी पोट धरून हसल्या.

ऐटदार.

मी कोट शिवतो. गेली तीस वर्षे गावातील यच्चयावत ऐट माझ्या मशीनखालून गेलेली आहे. या तीस वर्षांत हा शब्द हिने माझ्याबाबत वापरल्याचे स्मरत नाही. एकदा 'नीटनेटके' म्हणाली होती. तेही बहुधा मागच्या पडद्यांना.

मला मत्सर वाटत नाही. नोंद असावी म्हणून लिहितो.

३ फेब्रुवारी.
संकल्प: घोडा घेणे. ३० मार्चला साडूकडे सहकुटुंब भोजन आहे. त्या दिवशी त्याच्या फाटकातून अश्वारूढ प्रवेश करणे. तो शब्द हस्तगत करणे.

हिला सांगितले. म्हणाली, अहो, तुम्हाला स्टुलावर चढून बल्ब बदलता येत नाही. मी निदर्शनास आणले की स्टूल निर्जीव असते, ते सहकार्य करत नाही.

५ फेब्रुवारी.
ग्रंथालयातून पुस्तक आणले. प्रथमच घोडा घेणाऱ्यांसाठी आवश्यक साहित्याची यादी उतरवून कापणीच्या टेबलासमोर चिकटवली. खोगीर, लगाम, रिकिबी, खरारा, खुरातील माती काढायचा आकडा, दोन बादल्या, हेल्मेट, बूट. यादीत घोडा नाही. तो गौण असावा.

प्रथम साहित्य, मग घोडा, असा क्रम ठरवला. ही म्हणाली, बाजारात तुरी. म्हण पूर्ण करण्याचीही तसदी घेतली नाही.

९ फेब्रुवारी, रविवार.
गुप्त मोहीम. साडूच्या घोड्याला थोपटण्याच्या मिषाने त्याची संपूर्ण मापे घेतली. छाती, पाठ, पोटाचा घेर. घोडा अत्यंत शिस्तीने उभा राहिला. माझी निम्मी गिऱ्हाइके इतकी स्थिर राहत नाहीत. तेवढ्यात साडू आला आणि म्हणाला, दादा, टेप कशाला? मी म्हणालो, सवय. तो हसून म्हणाला, मीसुद्धा लग्नाला गेलो की लोकांचे दात बघतो. साडू दुष्ट असता तर माझे काम किती सुकर झाले असते.

११ फेब्रुवारी.
खोगीर करणाऱ्या वृद्ध कारागिराकडे गेलो. मापे दिली. प्रत्येक ठिकाणी दोन बोटे वाढवून. माझे खोगीर साडूच्या खोगिरापेक्षा लहान असणे शक्य नाही. म्हातारा म्हणाला, घोडा कुठंय? मी म्हणालो, व्हायचाय. म्हातारा म्हणाला, शेट, माणूस नसताना कोट शिवता का? मी त्याला माझा तीस वर्षांचा अनुभव ऐकवला. अद्याप माझा एकही कोट परत आलेला नाही, हेही सांगितले. त्याने ऐकून घेतले, आणि पावतीवर 'गिऱ्हाइकाने सांगितलेल्या मापाने' असे लिहून माझी सही घेतली. ग्रामीण शंकेखोरपणा.

२० फेब्रुवारी.
खोगीर आले. अप्रतिम. सोफ्याच्या हातावर चढवून सराव आरंभला. पाठ ताठ, गुडघे आत, दृष्टी क्षितिजावर. क्षितिजावर फ्रिज आहे. ही फ्रिज उघडायला आली आणि म्हणाली, घोड्यावर बसून आलायत का? सरका जरा. मी सरकलो नाही. स्वार सरकत नसतो.

२६ फेब्रुवारी.
जनावरांच्या डॉक्टरीणबाई जागा पाहून गेल्या. दुकानामागचे गोदाम मी स्वहस्ते रिकामे केले आहे. बाईंनी हवा, पाणी, जमीन तपासली. समाधानी दिसल्या. मग विचारले, सोबत कोण?

मी म्हणालो, मी आहे.

बाईंनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले. म्हणाल्या, अहो, घोडा कळपातला प्राणी, एकटा राहत नाही. दुसरा घोडा हवा, नाहीतर निदान एखादी शेळी. तुमच्या साडूंना मी हेच सांगितलंय, तेही बघतायत. साडूला दिलेला सल्ला मी सेकंडहँड घेणार नाही. यादीत शेळी नाही.

२ मार्च, रविवार.
घोड्यांच्या दलालाकडे. माझी मागणी स्पष्ट होती: साडूच्या घोड्यापेक्षा उंच. दलालाने तसा एक काळा अश्व पुढे आणला. त्या अश्वाने मला आपादमस्तक न्याहाळले आणि तोंड फिरवले. मीही त्याला नाकारले. कोपऱ्यात एक ठेंगणी, ढेरपोटी, करड्या रंगाची घोडी शांतपणे गवत खात होती. दलाल म्हणाला, साहेब, ही शहाणी आहे, कुणालाही पाडत नाही. उंची हा भ्रम आहे. घेतली.

३ मार्च.
घोडी आली. खोगीर चढवून पाहिले. थोडे सैल वाटते. नवीन चामडे, बसेल हळूहळू. ही म्हणाली, धाकट्या बहिणीला मोठीचा फ्रॉक घातल्यासारखी दिसतेय बिचारी. तिला गूळ दिला. घोडीला. मला नाही.

४ मार्च.
घोडी सकाळपासून खिंकाळते आहे. दर पाच मिनिटांनी. सखोल भावनाप्रधान स्वभाव असावा.

६ मार्च.
बँकेचे मॅनेजर ट्रायलसाठी आले असता त्यांच्या नव्या कोटाची उजवी बाही घोडीने गोदामाच्या खिडकीतून आत ओढून भक्षण केली. मॅनेजर म्हणाले, मास्तर, हा कोट मी परत करणार. मी नम्रपणे सांगितले की परत करण्याइतका तो उरलेला नाही. तीस वर्षांचा विक्रम तांत्रिकदृष्ट्या अबाधित.

८ मार्च.
घोडी बेपत्ता. दावे चावून तोडलेले. दोन गल्ल्या पालथ्या घातल्या. शेवटी साडूचा फोन आला, दादा, पाहुणी आलीये.

जाऊन पाहतो तो, तांबड्या घोड्याच्या मानेवर हनुवटी टेकून माझी घोडी डोळे मिटून उभी. पाच दिवसांत प्रथमच गप्प. डॉक्टरीणबाई तेथेच होत्या. मी काही विचारले नव्हते, तरी त्या म्हणाल्या, सांगितलं होतं ना?

साडू म्हणाला, राहू दे इथेच, यालाही सोबत होईल. मी तिला ओढत परत आणले. ती सारखी मागे पाहत होती. साडूकडे वळून पाहणारी घरात एक होती, आता दोघी झाल्या.

१६ मार्च, रविवार.
घोडी आठवड्यात तिसऱ्यांदा साडूकडे. आता मी शोधत नाही, सरळ चहाला जातो.

३० मार्च, रविवार. दुपार.
आडवे पडून लिहितो आहे.

योजना निर्दोष होती. स्वतः शिवलेला काळा कोट, बूट, हेल्मेट. कोपऱ्यावर घोडीवर बसलो. तिने पाडले नाही. दलाल खोटे बोलला नव्हता. फाटकाशी सर्व नातलग उभे. ही सर्वांत पुढे. मी दृष्टी क्षितिजावर ठेवली.

तेवढ्यात आतून तांबडा खिंकाळला. घोडी धावत सुटली. खोगीर मात्र घाईत नव्हते. ते आपल्या गतीने उजवीकडे कलू लागले. आमची मैत्री सव्वा महिन्याची, मी त्याला सोडले नाही. फाटक ओलांडताना मी घोडीच्या बाजूला होतो. अंगणात पोहोचेपर्यंत तिच्या पोटाखाली. पुढचे पाहता आले नाही, कारण समोर फक्त पाय होते.

सासूबाईंनी विचारले, जावई कुठायत? मेहुणी म्हणाली, आई, खाली बघ.

साडू धावत आला. मला सोडवले, पाठ दाबून पाहिली, दादा, लागलं नाही ना, असे दहादा विचारले. एकदाही हसला नाही. हे अक्षम्य आहे.

३१ मार्च.
ही पाठ शेकत होती. मग म्हणाली, अहो, खोगीर कोणाच्या मापाचं आहे, मला पहिल्या दिवसापासून माहितीये. तुम्ही भाऊजींच्या घोड्याला टेप लावत होतात तेव्हा मी त्यांच्या खिडकीतच होते. मी विचारले, मग बोलली का नाहीस? म्हणाली, तीस वर्षांत तुम्ही मापाच्या बाबतीत कधी कोणाचं ऐकलंयत?

काही वेळाने म्हणाली, आता तिचं माप घ्या. तिचंच. मला बसायचंय.

२ एप्रिल.
घोडीचा मुक्काम कायमचा साडूकडे हलवला. मी याला शाखाविस्तार म्हणतो. आज प्रथमच घोडीला टेप लावली. छाती तांबड्यापेक्षा बरीच कमी. हा आकडा गोपनीय.

१३ एप्रिल, रविवार.
हिचे लहान खोगीर तयार झाले. म्हाताऱ्याने या वेळी सही मागितली नाही. ही पहिल्याच दिवशी दोन फेऱ्या मारून आली. माझे मोठे खोगीर साडूने सहज तांबड्यावर टाकून पाहिले. दोन बोटे मोठे, पण त्याने खाली जाड घोंगडी घातली आणि ते जणू तेथेच जन्मल्यासारखे बसले. साडू म्हणाला, दादा, असं खोगीर माझ्या घोड्याला कधी मिळालं नव्हतं! ठेवू का थोडे दिवस?

मग म्हणाला, आणि दादा, एक स्वारीचा कोट शिवाल का मला? तुमच्यासारखा शिवणारा दुसरा नाही.

होकार दिला. डाव्या बाहीला अर्धा इंच आखूड कापायचे ठरवले. कोणालाही कळणार नाही. त्याला मात्र हात वर केला की आयुष्यभर काहीतरी चुकल्यासारखे वाटेल.

१९ एप्रिल.
बाही कापायला बसलो. खडूने अर्धा इंच आत खूण केली. पुसली. पुन्हा केली. पुन्हा पुसली. कात्री खरी रेघच कापते. तीस वर्षांची वाईट सवय.

२७ एप्रिल, रविवार.
साडूने कोट घातला. खांद्यावर एक सुरकुती नाही. बाह्या बरोबर मनगटाच्या हाडावर थांबतात. इतका सुंदर कोट मी आजवर शिवलेला नाही. तो तांबड्यावर बसला. शेजारी ही, घोडीवर. मधे मी, बादली घेऊन.

ही साडूकडे वळून म्हणाली, ऐटदार!

सूक्ष्म विचार करता कोट माझा, खोगीर माझे, शेजारी डौलाने उभी घोडी माझी. म्हणजे त्या ऐटीचा बहुतेक भाग माझाच. साडूचा केवळ घोडा, आणि कोटाच्या आत असलेला मनुष्य.

ही नेमकी त्या मनुष्याकडे पाहत होती, हा तपशील किरकोळ आहे.

मग माझ्याकडे वळून म्हणाली, अहो, बादली जरा इकडे आणा, तिला तहान लागलीये.

आणली.