दूरचा कंदील यानावर स्वयंपाकिणीची जागा

नानफांगआओ बंदर, मासळीबाजाराच्या मागे
बांगड्याचा हंगाम सुरू होऊन चार दिवस

माझ्या पाठीवर वाढलेल्या आ-हुईस,

तुझ्या आक्काचा डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद. (पत्रातून हात पोचत नाही हे मला कळतं, पण मायना मी घातला तसाच राहू दे.) इकडे सगळं ठीक. माझे गुडघे जिना चढताना बोलतात, उतरताना गप्प असतात. तुझी कंबर कशी आहे? निवृत्त झाल्यापासून तपासायला वह्या उरल्या नाहीत, म्हणून तू औषधाच्या दुकानाची पाटी लाल पेनाने दुरुस्त केलीस, असं तुझी सून फोनवर सांगत होती. दुकानदार रागावला म्हणे. त्याला सांग, माझी एक्केचाळीस पत्रं अशीच लाल होऊन परत आली आहेत, मी कधी रागावले का? (सोळाव्या पत्राला थोडी रागावले होते. त्यात माझ्या नातीच्या बारशाची बातमी होती आणि तू फक्त परिच्छेद पाड म्हणून लिहिलंस.)

तर बातमी अशी, की मी अंतराळात स्वयंपाकिणीच्या जागेसाठी अर्ज केला आहे. खुर्चीवर नीट बस आणि मग पुढचं वाच.

बर्फाच्या कारखान्यातला यू मिस्त्री तुला आठवत असेल, तोच जो तुझ्या छत्रीवर बसला होता. तो रोज दुपारी माझ्या दुकानात शेवयांचा वाडगा संपवतो आणि तासभर फोनवर बोटं चालवत बसतो. मधेच हसतो, मधेच कपाळाला आठ्या घालतो. एकटा माणूस, पन्नाशी उलटलेली. मला वाटलं कुणीतरी बाई असणार, आणि बरंच वाटलं. मी त्याच्या वाडग्यात माशाचे गोळे दोन जास्त घालायला लागले. महिनाभर घातले, मग मात्र राहवेना, विचारलंच. तो कानापर्यंत लाल झाला. म्हणाला, "मावशी, बाई नाही हो. यान आहे."

यानाचं नाव दूरचा कंदील. त्यावर चाळीस माणसं आहेत, आणि सगळी आपापल्या घरी बसून फोनवर ते यान चालवतात, म्हणजे लिहितात. एकाने लिहायचं की दारावर थाप पडली, दुसऱ्याने लिहायचं की दार उघडलं, तिसऱ्याला कळत नाही बाहेर कोण, म्हणून चौथा लिहितो. कुणी कुणाचं तोंड पाहिलेलं नाही. आपला मिस्त्री इथे पंपाला तेल घालतो आणि तिथे चाळीस जणांचा मुख्य इंजिनिअर आहे. सहा वर्षं प्रवास चालला आहे. मी विचारलं, जेवता काय रे? तर म्हणे भिंतीत यंत्र असतं, त्यातून येतं. सहा वर्षं, आ-हुई. चाळीस माणसं, आणि भिंतीतलं जेवण. त्या दिवशी माझ्या हातून आलं बोटाएवढं जाड चिरलं गेलं.

मी म्हटलं, मला अर्ज दे.

अर्जात पहिला रकाना नावाचा, तो जमला. दुसरा मूळ ग्रहाचा. मी लिहिलं नानफांगआओ, देवळामागची तिसरी गल्ली. मानव की इतर, तिथे मी मिस्त्रीला विचारलं इतरांना काही सवलत असते का, तो नाही म्हणाला, मग मानव. वैगुण्य काय, तर गुडघे, आणि तोंड बंद राहत नाही. लिहिण्याचा अनुभव: बरण्यांवरच्या चिठ्ठ्या, आणि बहिणीला पत्रं. (प्रौढांच्या वर्गाचं प्रमाणपत्र जोडणार होते, पण ते भिंतीवर खिळ्याने ठोकलंय.)

तीन दिवसांनी अर्ज परत. भरती बघणारी को बाई ताइचुंगला दातांच्या दवाखान्यात कामाला असते आणि यानावर उपकप्तान आहे. तिने फार गोड शब्दांत लिहिलं, की आजी, हे सगळं खरं दिसतंय, आम्हाला कल्पनेतलं माणूस लागतं. हे आधी सांगायला काय झालं होतं? मग मी स्वतःला एकतीस वर्षांची केली. गुडघे कोरे करकरीत दिले. सात ग्रहांच्या समुद्रातली मासळी साफ केलेली बाई केली. चेहरा मात्र माझाच ठेवला, त्याची सवय आहे.

त्यावर परीक्षा आली. त्यांनी एक प्रसंग दिला, पुढचा आपण लिहायचा. दोन भांडणाऱ्या ग्रहांचे वकील जेवायला आले आहेत, मधे मोठा मासा, कप्तान वरची बाजू संपवतो आणि दुसऱ्या बाजूसाठी मासा उलटा करतो. एवढंच होतं. मी फोन पालथा ठेवला आणि पाणी प्यायले. चालत्या जहाजावर मासा उलटा करतो हा माणूस, आणि असल्याच्या हातात चाळीस जीव. काटा वरच्या वर काढून खालची बाजू खायची हे इथलं शेंबडं पोरही जाणतं, मासा उलटला की नाव उलटते. मिस्त्री म्हणाला, "मावशी, अंतराळात वर-खाली नसतं." मी म्हटलं, "मग मासा उलटा झाला हे तुमच्या कप्तानाला कुठल्या बाजूने दिसलं?" तो खाली मान घालून शेवया खाऊ लागला.

मग मी लिहिलं. स्वयंपाकीण डाव घेऊन धावत आली, कप्तानाच्या हातावर एक फटका दिला, वकिलांना उठवलं, आणि मासा सुलटा होईपर्यंत इंजिन लावायचं नाही असं मिस्त्रीला बजावलं. वाचून परत वाचलं, झकास वाटलं, धाडून दिलं.

आणि गहजब झाला. त्यांचा एक नियम असा, की दुसऱ्याच्या माणसाच्या अंगाला त्याच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही. फटका मारायला धावलात इथवर लिहायचं, लागला की नाही हे ज्याचा हात त्याने लिहायचं. मी तर सहा वर्षं यान हाकणाऱ्या कप्तानाला दोन ग्रहांच्या देखत झोडपलं होतं. माझा अर्ज मतदानाला गेला. मिस्त्री दोन दिवस दुकानात आला नाही. मला, खरं सांगते, खायची वासना नव्हती. या वयात कुणी नको म्हटलं तर म्हणू दे, असं मी सगळ्यांना सांगितलं, आणि दर दहा मिनिटांनी फोन पाहिला.

तिसऱ्या दिवशी कप्तानाचाच निरोप. सहा वर्षांत आपल्याला कुणी मारलं नव्हतं, असं लिहिलं होतं. पुढे विचारलं होतं, की मासा उलटला तर पुढे काय होतं ते तुम्ही लिहिलंच नाही. मी खोटं कशाला लिहू? तुझ्या भाऊजींच्या नावेवर डोंगराकडचा एक नवा खलाशी मासा उलटा करून मोकळा झाला होता. पुढे काहीही झालं नाही. नाव धडधाकट परत आली, टोपल्या भरून. पण अकरा माणसं तीन दिवस श्वास धरून बसली होती, आणि बंदर दिसल्यावर भाऊजींनी त्या खलाशाला मिठी मारली, मग एक लाथ. तेवढंच लिहून पाठवलं.

कप्तान म्हणतो, फटका त्याने लागू दिला आहे, तशी नोंदही केली. आता एकच अडचण उरली. आठवड्याला दोन मजकूर लिहावे लागतात. ही बाई नेमाने लिहील अशी खात्री, तिचं लिखाण वाचलेल्या कुणीतरी द्यायची. माझं लिखाण जगात एका माणसाने वाचलं आहे, आ-हुई. मी दुसरीत होते, तू माझ्या पाठीला बांधलेली होतीस, तू रडलीस आणि बाईंनी आपल्या दोघींना वर्गाबाहेर काढलं. तू पुढे शाळेत परत गेलीस आणि मास्तरीण झालीस. मी बाहेरच राहिले, त्याचं काही नाही, बाहेर मासळी होती. पण आता दार किलकिलं झालं आहे. रविवारच्या आत तुझ्या दोन ओळी येऊ देत.

तुझी,
आक्का

ता. क. दोन ओळी लिहायची गरज नाही. तू वेळेवर लिहिशील याचा भरवसा वाटेना, म्हणून बिस्किटांच्या डब्यातून माझं पहिलं पत्र आणि एक्केचाळिसावं पत्र काढून त्यांचे फोटो कप्तानाला पाठवले. पहिल्यात लाल जास्त आहे, माझं कमी. शेवटच्यात चारच खुणा आहेत. दोन्ही शेजारी ठेवून मी बराच वेळ बघत बसले होते.

ता. क. २. पाकीट बंद करता करता उत्तर आलं. दोघींना घेतलं आहे. मला स्वयंपाकघर, आणि लाल पेनवालीला यानावरची शाळा, ती सहा वर्षं ओस पडली आहे म्हणे, मुलं वाट्टेल ते लिहितात. तुला रविवारी हजर व्हायचं आहे. तुझा अर्ज सोबत आहे. बाकीचे रकाने तू भर, वैगुण्याचा मी भरला आहे: दुसऱ्याचं पत्र आहे तसं ठेववत नाही. हे पत्र तपासून यानाच्या पत्त्यावर पाठव.