लंडनच्या माणसाचं सुतक

बुधवार, संध्याकाळ

तीन दिवस देवघरात दिवा नाही. आबा एक वेळ जेवण चुकवतील, पण दिवा नाही. आज तळवड्याच्या ऑफिसातून सुटून मी घरी आले आणि त्यांना विचारलंच. खाली बघून म्हणाले, "सुतक हाय."

कुणाचं? तर लंडनमध्ये वारलेल्या, आमच्याच आडनावाच्या कुणा माणसाचं! त्याला वारस नाही, इस्टेट तुमच्या नावावर करतो, कुणाला सांगू नका, असा एका वकिलाचा ईमेल. भावकीत वाटे पडतील म्हणून आबांनी माझ्यापासूनही लपवलं. आधारचा फोटो पाठवूनही झाला. वकिलाची फी उद्या भरणार होते.

डोकंच फिरलं माझं. असले ईमेल कसे ओळखायचे हे ऑफिसात नव्या लोकांना मीच शिकवते. आणि घरात? आबांना कधी एका शब्दाने सांगितलं का मी?

ऑफिसातल्या शेखला आलेला असाच ईमेल मागवून त्यांना दाखवला. वकील तोच, लंडन तेच, फक्त मेलेल्या माणसाचं आडनाव शेख. "आबा, आडनाव तुमच्या ईमेलच्या पत्त्यातच आहे. तिथूनच उचललंय! आता उत्तर देऊ नका, आधार लॉक करू, बँकेत कळवू..."

आबांनी फोन खाली ठेवला.

"म्हंजी कुणी गेलंच न्हाई?"

"नाही!"

"बरं झालं बाई."

मी ओरडतच होते, आणि ते उठून काडेपेटी शोधायला लागले.