हवा भरायचं मशीन

मंगळवार, संध्याकाळ

आज ह्यांना मंगरूळपीरला व्यायामाला नेताना इंझोरीच्या बाहेरच कारचं मागचं चाक बसलं. मी पायपंप मारत होते, पण काटा हलेना. तेवढ्यात हे दार उघडून उतरले. "सरक, मी भरतो."

लकव्यानंतर उजवा पाय नीट उचलत नाही, हे माहीत असून मी सरकले. काहून सरकले? दोनदा पंप दाबला आणि हे रस्त्यावरच पडले. ट्रॅक्टरवाल्यानं उचलून गाडीत बसवलं. चाकात हवाही त्यानंच भरून दिली, तेव्हा घरी परतलो.

आता मोबाइलवर चार्जिंगवर चालणारं हवा भरायचं मशीन शोधतेय. एकाची बॅटरी दोन चाकांत संपते म्हणे, दुसरं फार वेळ घेतं. पण खरी अडचण ती नाहीच. आजवर चाकांची हवा ह्यांनीच पाहिली. मशीन आणलं तर तेवढंही काम मी हिसकावून घेतलं असं होईल का? तो पायपंप डोळ्यांसमोरून जात नाही.

शेवटी मोबाइल त्यांच्यापुढे धरला. "तुमीच सांगा, कोणतं घेऊ?"

एकेक मशीन बोटानं सरकवून पाहिलं. मग म्हणाले, "मोठे आकडे दिसतात ते घे. हवा मी पाहीन, मले चष्म्याबिगर वाचता आलं पाह्यजे."