चांदीची पिल्लं

प्रिय जया,

पत्र बघून हसशील. आपली घरं एका ओढ्याच्या दोन बाजूंना, आणि ही शुभी पत्रं काय पाठवतेय! हस, पण शेवटपर्यंत वाच. गेले दहा-बारा दिवस तुझी मेंढरं आमच्या बांधावर आली की मी घरात पळते, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. तुझ्या चांदी कुत्रीची पाचही पिल्लं गेल्याचं मला कळलं होतं. तरी मी भेटायला आले नाही. कामं नव्हती गं, तोंड नव्हतं.

चांदी व्याली तेव्हाच तू म्हणाली होतीस, "यातलं एक आरोहीला ने. वाघराला बी भिनार न्हाई." त्यावर मी म्हणाले, माझ्या लेकीला जातिवंत हवंय. तू मेंढीच्या खुरातला काटा काढत राहिलीस. वरच्या खोल्यांत कंपनीतले भाडेकरू आल्यापासून मला सगळं त्यांच्यासारखं हवं असतं, असं इंद्रजित म्हणतो. मी नवऱ्याचं कधी ऐकते का? पण हे खरं आहे.

आमचं लॅब्राडोरचं पिल्लू आम्ही हिंजवडीत घेतलं, एका गाडीच्या डिकीतून. विकणाऱ्याने आई दाखवली नाही, लसीचं कार्ड दाखवलं. कार्डावर शिक्का होता, डॉक्टरचं नाव नव्हतं. मला शिक्का पुरला. पोट टम्म फुगलेलं होतं, ते मला बाळसं वाटलं. डोळ्यांतली चिपडं पुसून मी फोटो काढले आणि सगळ्या नातेवाइकांना पाठवले. आरोहीने नाव ठेवलं मफिन. तू पहिल्या भेटीतच त्याचं मफी करून टाकलंस.

ती भेट रविवारची. नवं कुत्रं आधी मेंढरांच्या कुत्र्यांना हुंगवून घ्यायचं, म्हणजे पुढे बांधावर गाठ पडली तर फाडत नाहीत, ही तुमची रीत. तेवढ्यासाठी आलेय, असं तुला सांगितलं. खरं तर मिरवायला आले होते. तू त्याच्या कपाळाला भंडारा लावलास, चांदीच्या पिल्लांत सोडलंस, शेळीचं दूध पुढे ठेवलंस. त्याने नुसतं तोंड बुडवलं आणि मान फिरवली. तू विचारलंस, "आजारी हाय का गं?" मी म्हटलं, गाडी लागली असेल. जया, सकाळपासून त्याने दोनदा उलटी केली होती. मला माहीत होतं. माझ्या महागड्या पिल्लाला तुझ्यासमोर आजारी म्हणवेना, म्हणून मी खोटं बोलले. ते उष्टं दूध तू तुझ्या पिल्लांपुढे सरकवलंस आणि मी बघत उभी राहिले.

सोमवारी त्याला रक्ताची हगवण लागली. पौडच्या डॉक्टरांनी पार्वो सांगितला, एका कुत्र्याकडून दुसऱ्याला लागणारा जीवघेणा रोग, आणि विचारलं, दुसऱ्या कुत्र्यांत मिसळलं होतं का? मी नाही म्हणाले. इंद्रजित माझ्याकडे बघतच राहिला. त्याला सगळं ठाऊक होतं. मी हो म्हणाले असते तर डॉक्टर त्याच दुपारी तुझ्याकडे आले असते. पाच दिवस सलाईन लावून मफिन वाचला. तुझी पिल्लं शुक्रवारपासून एकेक करून गेली. आता तो अंगणात बागडतो तेव्हा मला त्याच्याकडे बघवत नाही. त्या मुक्या जिवाचा काय दोष!

काल गिरणीत तुझ्या सासूबाई, सगुणाबाई, भेटल्या. सगळ्यांसमोर म्हणाल्या, "सुनंनं शिळं खाऊ घातलं, म्हनून मेली पिल्लं. चुकलं म्हनून रडतीया आता." तू रडत होतीस, जया, माझ्या पापासाठी. मी पिठाचा डबा उचलला आणि गुपचूप घरी आले. मी निघताना त्या म्हणत होत्या, तुझे मालक बहिरूभाऊ बुधवारी मुठा गावाहून नवं पिल्लू आणणार आहेत, मेंढरांना राखण हवी.

म्हणून लिहितेय. ते पिल्लू आत्ता आणू नका. हा रोग मातीत कितीतरी महिने टिकतो. आज सकाळी डॉक्टरांना सगळं खरं सांगून आले, तेही तेच म्हणाले. पिल्लू मुठ्यालाच राहू दे. त्याच्या लसींसाठी मी डॉक्टरांना तिथे घेऊन जाईन, आणि सगळ्या लसी झाल्याशिवाय ते तुझ्या दारात येता कामा नये. हे फोनवर सांगता आलं असतं. पण दुसऱ्याच वाक्याला तू "जाऊ दे गं" म्हणाली असतीस, आणि मी खुशाल जाऊ दिलं असतं. शिवाय हे तुझ्या एकटीसाठी नाहीच. सगुणाबाईंना समोर बसवून पत्र मोठ्याने वाच. त्यांना आणखी कुणाला ऐकवायचं असेल तर ऐकवू देत, गिरणीतसुद्धा. तू घातलेल्या घासाने काही झालेलं नाही. पिल्लं माझ्यामुळे मेली.

तुझीच (अजून म्हणू देशील तर),
शुभांगी