अंकात नसलेलं पान

४ ऑगस्ट २०११
कन्नडहून माझ्या जुन्या दोस्ताचा, कारभारीचा फोन. दोन महिने अंथरुणाला खिळलाय. आवाज पार खोल गेलाय. तरी पहिला सवाल तोच — "आपला लेख वाचला का रं कुणी?"
सदतीस वर्षं हेच विचारतोय गडी! काय सांगू?

७ ऑगस्ट
आशा आली होती, इथलीच, मुकुंदवाडीतली. इतिहासवाले दुसऱ्या शास्त्रांचा आधार किती घेतात, कोण कुणाचा हवाला देतं, यावर पीएचडी करतेय पोरगी. म्हणाली, "सर, तुमच्या विहिरींच्या लेखाचा हवाला अकरा जणांनी दिलाय!"
अकरा! मी खुर्चीतून उठलोच.
बहात्तरचा दुष्काळ डोळ्यांपुढं आला. करमाडच्या शिवारात एका सायकलवर आम्ही दोघं — मी इतिहासाचा, निजामाच्या वेळच्या कागदांची पिशवी गळ्यात. कारभारी भूगर्भशास्त्राचा, हातात हातोडी. दोर धरून कोरड्या विहिरीत उतरायचा अन् खालून ओरडायचा, "कातळ लागला रं!" सरूबाई नावाची म्हातारी आम्हाला सरकारी माणसं समजून भाकरी-ठेचा द्यायची. काय दिवस होते ते!
मग लेख घेऊन वणवण. इतिहासवाले म्हणाले, हे दगडधोंडे आमच्यात नकोत. दगडवाले म्हणाले, गोष्टी सांगू नका. शेवटी तात्यासाहेबांनी आपल्या छोट्या मासिकात छापला. तो अंक उशाशी घेऊन झोपायचा कारभारी.

९ ऑगस्ट
आशानं झेरॉक्स आणल्या. दहा जणांनी लिहिलंय — पान ६२. अरे, त्या अंकाला पानंच अठ्ठेचाळीस! एकानं चुकीचं लिहिलं, बाकीच्यांनी डोळे मिटून उतरवलं. वाचलं कुणीच नाही! लई लागलं मनाला. कारभारीला कोणत्या तोंडानं सांगू?

१० ऑगस्ट
अकरावी झेरॉक्स बघायची राहिली होती. समाजशास्त्राची कुणी बाई आहे. पान बरोबर — १७. आणि पुढं चार पानं आमचं खंडन! आम्ही लिहिलं होतं तशा विहिरी आटल्या म्हणून ओसाड पडल्या नाहीत म्हणे. धनगरांच्या कळपांची वाट बदलली, उपसा थांबला, गाळानं बुजल्या. ओळ न् ओळ खोडून काढलीय. आणि बाईचं खरं आहे!

११ ऑगस्ट
कन्नडला जाऊन आलो. "कारभारी, आपण चुकलो," म्हणालो, आणि चारही पानं वाचून दाखवली. ऐकता ऐकता उशीला टेकून उठून बसला. डोळे भरले त्याचे.
"लई बारकाईनं वाचलंय रं आपल्याला," म्हणाला. "पुन्यांदा वाच."